साळिंदराची कूस कोणी बदलली?

एका जंगलात आजारी पडायची सोय नव्हती. आजारी सगळेच पडत, पण सोय नव्हती. ज्याला चालता येईना त्याने उंबराखाली पडून राहायचं आणि बाकीच्यांनी आपली वाट जरा लांबून काढायची, असा तिथला रिवाज होता. नाकं मुरडू नका, मुलांनो. तुमच्या आजोबांना ताप आला होता तेव्हा तुम्ही त्यांच्या खोलीत किती वेळा डोकावलात, ते आधी आठवा.

त्या जंगलात भागूआक्का नावाची एक वानरी राहायची. उंबराखाली जो पडेल त्याला ती पाणी पाजायची. जखमेतल्या अळ्या काडीने काढायची. ज्याला हलता येत नाही त्याला दिवसातून सात-आठ वेळा या कुशीवरून त्या कुशीवर वळवायची. एकाच अंगावर पडून राहिलं की पाठ सडते, आणि मूळ दुखणं बरं होऊनही जनावर पाठीच्या जखमांनी मरतं. हे आक्काला कोणी शिकवलं नव्हतं. सुरुवातीला दोघेतिघे तिच्या हाताखाली दगावले होते, त्यांनी शिकवलं.

या कामाला काही नाव नव्हतं. नाव नसलेल्या कामाचं कौतुक कोण करणार? कोणी केलं नाही.

पुढे एकदा वनराज सिंहांना हगवण लागली. राजाला लागली म्हणून तिला अतिसार म्हणायचं. डॉक्टर करकोचा आले, एका पायावर उभे राहिले, जीभ पाहिली, औषध सांगितलं आणि उडून गेले. पुढचे अकरा दिवस भागूआक्का महाराजांजवळ बसली. त्यांना धुतलं, पुसलं, चमच्याचमच्याने पेज पाजली. बाराव्या दिवशी महाराज उठून बसले. डॉक्टर करकोच्यांना शाल आणि श्रीफळ मिळालं.

पण महाराज मनाने सरळ होते. आपल्याला कोणी धुतलं, हे ते विसरले नाहीत. राजांमध्ये हा दोष क्वचितच आढळतो. त्यांनी भर दरबारात सांगितलं, "या कामाला मान मिळाला पाहिजे. याचं रीतसर शिक्षण पाहिजे. आमच्या जंगलात नर्सिंग कॉलेज झालंच पाहिजे!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भागूआक्का दरबारात नव्हती. एका भेकराला उलट्या होत होत्या, ती तिकडे होती.

कॉलेजच्या प्राचार्या म्हणून लांडोरबाई आल्या. त्या सात जंगलं पलीकडे जाऊन शिकून आल्या होत्या. पहिल्याच सभेत त्या म्हणाल्या, "आक्कांचं काम मोठं आहे. पण उद्या आक्का गेल्या, तर त्यांच्याबरोबर त्यांची विद्याही जाईल. ती लिहून ठेवायला हवी. एकीच्या जागी साठजणी तयार व्हायला हव्यात. आणि या मुलींना कोणी मोलकरणीसारखं हाडतहुडूत करता कामा नये."

यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. मी या गोष्टीत पुष्कळांना हसणार आहे, पण लांडोरबाईंच्या या वाक्यांना हसणार नाही. गोष्ट बिघडते ती पुढे, आणि ती फार सावकाश, नीटनेटकी बिघडते.

कॉलेज झालं. इमारत झाली. पांढरे गणवेश झाले, डोक्यावर टोप्या आल्या. पहिल्या तुकडीने कंदिलात काजवे ठेवून शपथ घेतली, तेव्हा महाराजांच्या डोळ्यांत पाणी आलं. मुलींना सगळे 'सिस्टर' म्हणू लागले. डॉक्टर करकोचासुद्धा म्हणू लागले, आणि ते तर स्वतःच्या बायकोलाही नावाने हाक मारत नसत.

मग प्रश्न आला भागूआक्काचा. शिकवायला ठेवावं तर तिच्याकडे पदवी नाही. पदवी द्यावी तर आधी प्रवेश घ्यायला हवा, आणि प्रवेशाला वयाची अट. ती आक्काने तीस पावसाळ्यांपूर्वीच ओलांडलेली. लांडोरबाईंना वाईट वाटलं. त्यांनी खूप विचार केला आणि आक्काला वॉर्ड झाडायला ठेवलं. आता आक्काला सगळे 'मावशी' म्हणू लागले. दारावर पाटी लागली : 'मावशींनी रुग्णास हात लावू नये. हुकुमावरून.'

आक्काला वाचता येत नव्हतं. तिला पाटी वाचून दाखवण्यात आली.

"बरं," आक्का म्हणाली आणि तिने झाडू घेतला.

विद्यार्थिनी साठ होत्या. प्रत्येकीला परीक्षा संपेपर्यंत वीस वेळा रुग्णाची कूस बदलायची होती, वीस वेळा अंग पुसायचं होतं, आणि दर वेळेला नोंदवहीत सही घ्यायची होती. पण जंगल तेवढं आजारी पडेना. जे पडत ते वेळापत्रकाप्रमाणे पडत नसत. रुग्ण कण्हायचे. नको नको म्हणायचे. चादरीला सुरकुत्या पाडायचे. एक म्हातारा कोल्हा तर सही व्हायच्या आधीच मेला आणि सहा मुलींची नोंद वाया गेली.

यावर तोडगा निघाला भोपळ्यांचा. मोठे, लाल, पिकलेले साठ भोपळे आणले. त्यांना कोळशाने डोळे काढले, पांघरुणं घातली आणि खाटांवर निजवलं. भोपळा वळवायला सोपा. तो कण्हत नाही. चादर सपाट राहते. बघताबघता साऱ्या नोंदवह्या भरल्या. वर्षअखेरीला लांडोरबाईंनी अहवाल दिला की वॉर्डातला मृत्युदर शून्यावर आला आहे आणि एकाही रुग्णाची तक्रार नाही. भोपळ्यांची खरोखरच काही तक्रार नव्हती.

हसलात? हसा. पण त्या वर्षी पहिल्या वर्गात पास झालेल्या मुली नंतर खऱ्या रुग्णांच्या कामाला लागल्या, आणि त्याच आठवड्यात दौलतराव साळिंदर दवाखान्यात आले.

दौलतरावांच्या अंगावर दरड कोसळली होती. मागचा उजवा पाय मोडला होता. डॉक्टर करकोच्यांनी पाय बांधला, काड्या लावल्या, आणि कागदावर लिहिलं : 'दर तीन तासांनी कूस बदलणे.' मग ते उडून गेले.

तीन तासांनी एक सिस्टर आली. तिने पुस्तकातल्याप्रमाणे पांघरूण दुमडलं, पुस्तकातल्याप्रमाणे खांद्याला आणि कमरेला हात घातला आणि किंचाळून मागे सरली. तिच्या पंजात चार काटे घुसले होते. दुसरी आली. तिला सहा लागले. तिसरी दारातूनच परतली. त्या बिचाऱ्यांचं काही चुकलं नव्हतं. भोपळ्यावर जे जे केलं होतं, ते ते त्यांनी तंतोतंत केलं होतं.

संध्याकाळी कागदावर नोंद झाली : 'रुग्ण सहकार्य करत नाही.' पण तीन-तीन तासांचे रकाने रिकामे ठेवणं बरं दिसेना. म्हणून त्यांत 'कूस बदलली' असंही लिहिण्यात आलं. तिसऱ्या दिवशी कागदावर दौलतरावांची कूस वीस वेळा बदललेली होती. खाटेवर ते होते तसेच उताणे होते.

"आरं, कुनीतरी वळवा रं मला," ते म्हणायचे. "पाठीला इस्तू लागल्यागत झालंय."

वॉर्डात झाडू मारता मारता भागूआक्का थांबली. तिच्या नाकाला वास आला. थोडासाच होता, पण तो वास तिच्या ओळखीचा होता. पाठ सडायला लागली होती. अजून चार-पाच दिवस असे गेले असते, तर दौलतराव पायाने नाही, पाठीने मेले असते. तिचे हात पुढे झाले आणि दारावरच्या पाटीकडे बघून परत झाडूवर आले.

त्या वेळी वॉर्डात सगुणा होती. सगुणा म्हणजे शेकरू. दुसऱ्या तुकडीची विद्यार्थिनी, अंगाने एवढीशी. तिच्या आईने कॉलेजात घालताना सांगितलं होतं, "टोपी घालून घरी ये, मग मी सुखाने मरेन." परीक्षा आठवड्यावर आली होती. सगुणाच्या नोंदवहीत एकोणीस सह्या झाल्या होत्या. एक राहिली होती.

"मावशी, तुम्ही तोंड असं का केलंत?" तिने विचारलं.

"त्येची पाठ चाललीय, पोरी."

"मग वळवा ना! तुम्हाला येतं म्हणतात."

"हात लावायचा न्हाई, आसं लिवलंय. बोलायचं न्हाई, आसं न्हाई लिवलेलं." आक्काने झाडू चालू ठेवला. "तू वळीव. म्या सांगते."

"मी? हे माझ्या सहापट आहेत!"

"ताकद कशापायी लागतीया? पन आदी त्येला हाक मार."

"हाक?"

"साळिंदर भ्यालं की काटा उठतुया. समद्यांनाच उठतुया, ह्येचा दिसतो येवढंच. हाक मार. काय करनार त्ये सांग. मग त्यो काटं पाडंल, तवा हात घाल. काट्याच्या उलट न्हाई, काटा जिकडं पडलाय तिकडं."

सगुणाने घसा साफ केला. भोपळ्यांशी बोलायची तिला सवय नव्हती, त्यामुळे आवाज फुटेना.

"मामा," ती म्हणाली, "मी सगुणा. तुम्हाला डाव्या कुशीवर वळवते हं. दुखेल थोडं."

दौलतरावांनी डोळे उघडले. तीन दिवसांत त्यांच्याशी कोणी बोललं नव्हतं. हळूहळू एकेक काटा खाली बसला.

"आता त्येचा चांगला गुडगा वाकीव," आक्का झाडूकडे बघत म्हणाली. "मोडल्याला पाय उशीवर ऱ्हाऊ दे. आता खांदा नि कंबार येकदमच वड. येकदम! त्यो आपनच वळतो बग."

आणि मुलांनो, तो वळला. एवढ्याशा शेकरूने सहापट साळिंदर वळवलं, आणि तिच्या पंजाला एकही काटा लागला नाही. दौलतरावांनी इतका मोठा श्वास सोडला की खिडकीतला पडदा हलला. सगुणाने पाठ पाहिली. माकडहाडावर रुपयाएवढा डाग होता, लालकाळा. तिला रडू आलं. आक्का म्हणाली, "रड मागनं. आदी फडकं वल्लं कर."

त्या दिवसापासून सगुणा दर तीन तासांनी येऊ लागली. आक्का झाडत झाडत सांगायची, सगुणा करायची. चार दिवसांत डाग आक्रसायला लागला. सगुणाने या सगळ्याची नोंदवहीत सही मागितली. सिस्टर म्हणाली, "खऱ्या रुग्णावरचं धरत नाहीत. भोपळ्यावर करून दाखव."

आता आली तपासणी.

जंगलांच्या वरच्या मंडळाकडून कॉलेजला मान्यता मिळायची होती. तपासनीस म्हणून कासवसाहेब येणार होते. ते निघाल्याची बातमी आली, त्यानंतर आठ दिवसांनी ते पोचले. त्यामुळे तयारीला वेळ मिळाला. चादरी ताणून बसवल्या. फरशी घासली. साठ खाटांपैकी एकोणसाठ खाटांवर भोपळे निजले. सात नंबरच्या खाटेवर तेवढे दौलतराव होते, आणि त्यांच्या काट्यांनी चादरीला भोकं पडली होती.

"यांना आजच्या दिवस आत ठेवा," लांडोरबाई म्हणाल्या.

मग दौलतरावांना उचलून भोपळ्यांच्या कोठीत ठेवलं. उताणं ठेवलं. उताणं उचलायला सोपं पडतं. सात नंबरवर उरलेला साठावा भोपळा आला. नोंदीतसुद्धा पहिल्या दिवसापासून तशी दुरुस्ती झाली.

त्याच सकाळी परीक्षेचं प्रॅक्टिकल होतं. एकेका भोपळ्यापुढे एकेक मुलगी उभी होती. कासवसाहेब सावकाश फिरत होते. सगुणाच्या वाट्याला सात नंबरच आला. तिने भोपळ्यापुढे उभं राहून सवयीने म्हटलं, "मामा, वळवते हं." परीक्षक सिस्टरने लिहिलं : 'रुग्णाशी अनावश्यक संभाषण. दोन गुण वजा.'

तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला.

"सगुणे! आगं, सकाळपासनं उताना हाय की गं मी!"

सगळ्या मुली भोपळ्यांकडे बघत राहिल्या.

"हा कसला आवाज?" कासवसाहेबांनी विचारलं.

"पाण्याचा पंप आहे, साहेब," लांडोरबाई म्हणाल्या. त्यांच्या मागे साठ मुली होत्या, साठ मुलींच्या आया होत्या. मान्यता गेली असती तर सगळ्यांच्या टोप्या गेल्या असत्या. हेही खरंच होतं.

सगुणाचा हात भोपळ्याच्या खांद्यावर होता, म्हणजे जिथे खांदा असायला हवा तिथे. फक्त वळवायचा होता. वळवला की विसावी सही, मग टोपी, मग घर. नऊ वाजता दौलतमामांची पाळी होती. आता साडेअकरा वाजले होते. पाठीवर नवी कातडी नुकतीच धरली होती.

"सगुणा, जागा सोडलीस तर गैरहजर धरावं लागेल," सिस्टर पुटपुटली. ती वाईट नव्हती. तिच्या पंजात अजून दोन काटे होते.

सगुणाने भोपळ्याचं पांघरूण नीट केलं, आणि ती निघून गेली.

कोठीत तिने हाक मारली, काटे पडू दिले, गुडघा वाकवला, खांदा आणि कंबर एकदम ओढली. दौलतराव वळले. "आलीस व्हय," एवढंच ते म्हणाले, आणि एवढा मोठा काटेरी गडी मुसमुसून रडला. तिने पाठ पुसली. वर पाहिलं तर दारात कासवसाहेब उभे होते. ते पंप बघायला निघाले होते. त्यांच्यामागे लांडोरबाई होत्या.

कासवसाहेबांनी बराच वेळ पाहिलं. त्यांना कशालाही बराच वेळ लागायचा.

"हे काय चाललंय?" त्यांनी विचारलं. "ही रुग्णाशी आधी बोलली. मग काटे बसले. हे आमच्या कुठल्याच पुस्तकात नाही."

क्षणभर लांडोरबाईंनी भागूआक्काकडे पाहिलं. ती मागे वॉर्डाच्या कोपऱ्यात झाडत होती. त्यांना आपल्या पहिल्या सभेतली वाक्यं आठवली असतील का? मला वाटतं आठवली. त्यांनी तोंड उघडलं.

"आमचा नवा प्रयोग आहे, साहेब," त्या म्हणाल्या. "संवादपूर्व कूसबदल पद्धती. संशोधन अजून अप्रकाशित आहे."

"वा!" कासवसाहेब म्हणाले.

कॉलेजला सर्वोच्च श्रेणी मिळाली. अहवालात दोन गोष्टींचा खास उल्लेख होता : चादरींचा सपाटपणा आणि नवी पद्धती. सगुणा प्रॅक्टिकलला गैरहजर म्हणून नापास झाली.

महिन्याभराने दौलतराव आपल्या पायांनी चालत कचेरीत गेले. "ती पोर पास करा," ते म्हणाले. "तिच्यामुळं जित्ता हाय मी. घ्या लिहून माजी साक्ष."

कारकुनाने नोंदवही उघडली. "सात नंबर खाटेवर त्या काळात भोपळा होता," तो म्हणाला.

"आरं, मी हुतो!"

"नोंद भोपळ्याची आहे. तुम्ही दाखलच नव्हता, तर बरे कसे झालात? आणि बरे झालेले दिसता, म्हणजे आजारी नसणार. पुढचा!"

दौलतरावांचे सगळे काटे उठले. कारकुनाने टेबल थोडं मागे घेतलं, पण नोंद बदलली नाही.

सगुणाला एक संधी मिळाली. सहा महिन्यांनी लेखी फेरपरीक्षा. लांडोरबाईंचं नवं पुस्तक तोवर अभ्यासक्रमात लागलं होतं. ते पुस्तक चांगलं होतं. त्यात हाक मारण्याचं पान होतं, काटे पडू देण्याचं पान होतं, गुडघ्याचं चित्र होतं. आक्का गेली तरी हे राहावं, असं लांडोरबाई म्हणाल्या होत्या, आणि तशी सोय झाली. फक्त त्यात आक्का नव्हती.

शेवटचा प्रश्न वीस गुणांचा होता : 'संवादपूर्व कूसबदल पद्धतीच्या जनक कोण?'

उत्तर सगुणाला पाठ होतं. पुस्तकाच्या पहिल्याच पानावर फोटोसकट होतं. ते लिहिलं की टोपी तिची. बाहेर आई येऊन बसली होती. सगुणा अर्धा तास टाक हातात धरून बसली. मग तिने स्वच्छ अक्षरात लिहिलं : 'भागूआक्का, वॉर्ड झाडणाऱ्या.'

तो पेपर लांडोरबाईंनी स्वतः तपासला. त्या उत्तराशी आल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला. मग आदर्श उत्तरपत्रिका पाहिली. ती मंडळाने मंजूर केलेली होती, तीत बदल करायचा तर कासवसाहेबांना कळवावं लागलं असतं. त्यांनी लाल शाईने शून्य काढलं. ते शून्य जरा वाकडं आलं. सगुणा दोन गुणांनी नापास झाली.

लांडोरबाईंना वाईट वाटलं. त्यांनी खूप विचार केला आणि सगुणाला वॉर्ड झाडायला ठेवलं.

आता तुम्ही त्या जंगलात गेलात, आणि पाय मोडून घेतलात, तर तुम्हाला पांढऱ्या टोपीची एक सिस्टर वळवायला येईल. ती पहिल्या वर्गात पास झालेली असेल, हाक मारण्याचं पान तिला पाठ असेल. ती पांघरूण दुमडेल, हात पुढे करेल आणि तिथेच अडखळेल. कारण तुम्ही भोपळा नाही, आणि तुम्ही घाबरलेले आहात. तेव्हा कोपऱ्यात झाडणाऱ्या दोन मावश्यांपैकी धाकटी, मान वर न करता, हळूच म्हणेल :

"आधी हाक मार, बाई."

तात्पर्य : शिक्षणाला पर्याय नाही. म्हणून प्रत्येक नर्सिंग कॉलेजाने आपल्या वॉर्डात निदान दोन नापास बायका झाडायला ठेवाव्यात.